लाल दोरा आणि अनुमोदन

तळहातावर सहज मावेल असा गडद निळ्या बनातीचा तुकडा. त्यावर लाल दोऱ्याने यंत्रावर भरलेला एक टॉर्पेडो, म्हणजे आपल्या जुन्या युद्धवार्तांमधला पाणतीर. हिटलरच्या राजवटीतल्या जर्मन नौदलाचे नाव १९३५ मध्ये बदलून ‘क्रीग्समरीन’ झाले, आणि त्या नौदलातल्या खलाशाच्या डाव्या बाहीवर दोन तऱ्हेची चिन्हे असत. सोनेरी-पिवळ्या दोऱ्यातले चिन्ह त्याची शाखा सांगे. तारा म्हणजे डेकवरचा नाविक, दातेरी चाक म्हणजे इंजिनवाला, विजेचा लोळ म्हणजे बिनतारी संदेशवाला, सापाचा वेढा असलेला दंड म्हणजे वैद्यकीय सेवेतला, वीणेच्या जातीचे तंतुवाद्य म्हणजे वाद्यवृंदातला. त्याखाली, लाल दोऱ्यात, त्याने वेगळी शिकून घेतलेली कला येई. खोल पाण्यात उतरणाऱ्याचे गोल शिरस्त्राण, तोफेच्या म्होरक्याचा पेटता गोळा, टॉर्पेडोच्या जाणकाराचा टॉर्पेडो. काहींच्या खाली कोनाच्या आकाराच्या पट्ट्या असत. पट्ट्या वाढल्या की शिक्षण वरच्या पायरीचे. राजवटीचा गरुड आणि त्याच्या नखांतले स्वस्तिक छातीच्या उजव्या बाजूला वेगळे शिवलेले असे. बाहीवरच्या या लाल तुकड्यांवर त्याचा मागमूस नाही.

महायुद्धाच्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये या तुकड्यांना स्वतःचा एक कोपरा आहे, आणि तो कोपरा स्वच्छ समजला जातो. ज्याला गरुड आणि स्वस्तिक घरात नको आहेत, पण त्या काळाच्या वस्तूंची ओढ आहे, तो इथे येतो. भिंगाखाली टाके मोजतो. पुढची बाजू कोणीही हुबेहूब उतरवू शकतो, म्हणून तुकडा उलटा करून मागचे सुटे दोरे, गाठी, अस्तराचा कागद किंवा जाळीचे कापड पाहतो. अतिनील दिव्याखाली धरतो, कारण युद्धानंतरच्या कृत्रिम धाग्यात आणि धुलाईच्या पावडरीत अशी द्रव्ये असतात की त्या उजेडात ती निळसर चमकतात, आणि चमकला की तुकडा संशयित ठरतो. कसर लागू नये म्हणून जपतो. ही सगळी मेहनत खरी आहे आणि तिच्यामागचे ज्ञानही खरे आहे. मला तपासायचा आहे तो या कोपऱ्याचा स्वच्छपणा. ज्या चिन्हावर फक्त माणसाचे कौशल्य भरलेले आहे, ते चिन्ह त्या कौशल्याने जे घडवले त्यापासून सुटे होते का? आणि ते सुटे धरून आवडीने जपणारा माणूस त्या घडलेल्या गोष्टीत कुठल्या अर्थाने वाटेकरी होतो का? पापाची वाटणी कुठपर्यंत पोचते, हा आपल्या धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. या निळ्या तुकड्यांच्या निमित्ताने तो पुन्हा विचारावा लागतो.

पहिली गोष्ट आपल्याला, म्हणजे मराठी माणसाला, इतरांपेक्षा लवकर पटायला हवी. आपल्या उंबरठ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, कलशावर स्वस्तिक असते. त्या आकारात जर पाप भरलेले असते तर ते इथेही उतरले असते. म्हणजे आकार निर्दोष आहे आणि दोष वापरात आहे, असे आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण हाच न्याय पुढे चालवला तर संग्राहकाचा आधार सुटतो. स्वस्तिक असल्यामुळे एखादी वस्तू दोषी ठरत नसेल, तर स्वस्तिक नसल्यामुळे एखादी वस्तू निर्दोषही ठरत नाही. जर्मनीतला कायदा चिन्हांकडे पाहतो, कारण कायद्याला दिसणाऱ्या गोष्टीवरच बोट ठेवता येते. तिथल्या दंडसंहितेचे ८६-अ हे कलम स्वस्तिकासारख्या चिन्हांच्या सार्वजनिक वापराला बंदी करते, आणि १९५७ च्या कायद्याने युद्धातली पदके स्वस्तिक काढून लावायला मुभा दिली. कायद्याला तेवढे पुरते. विवेकाला पुरत नाही. विवेकाला विचारावे लागते की हे कापड कोणत्या कर्माच्या साखळीत होते.

साखळीचा हा विचार आपल्याकडे बारकाईने झाला आहे. पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदिलेली. जैन आचार्यांनी कृत, कारित आणि अनुमत या तीन दारांचा हिशेब संरंभ, समारंभ, आरंभ या तीन पायऱ्या, मन, वाणी, काया आणि क्रोधादी चार कषाय यांच्याशी गुणून कर्माच्या १०८ वाटा मोजल्या. मनुस्मृतीत मांसाच्या संदर्भात एक यादी आहे. तिच्यात संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सर्वांना घातक म्हटले आहे. मनुस्मृतीचे नाव घेताना महाडचा १९२७ सालचा डिसेंबर आठवतो आणि आठवायलाच हवा. ज्या अन्यायासाठी तो ग्रंथ जाळला गेला तो अन्याय खरा होता. पण या एका यादीत एक निरीक्षण आहे ते टाकून देण्याजोगे नाही. कामाची वाटणी झाली की दोषाची वाटणी होते, आणि वाटलेला दोष प्रत्येकाला इतका थोडा वाटतो की तो कोणालाच लागत नाही. यादी करणाऱ्याने त्या वाटणीलाच नकार दिला. आठही जणांना एकच शब्द लावला.

आता पाणबुडी डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास माणसे लोखंडी नळीत कोंबलेली. जर्मन टॉर्पेडो सात मीटरांच्या आसपास लांब, वजन सुमारे दीड टन, आणि त्याच्या डोक्यात २८० किलो स्फोटक. एकट्याने तो सोडता येत नाही. एकजण कानाला यंत्र लावून दूरच्या पंख्यांचा आवाज ऐकतो, एकजण बॅटऱ्या आणि मोटरी सांभाळतो, एकजण नळीत टॉर्पेडो सरकवतो, एकजण संदेश उलगडतो, आणि पेरिस्कोपला डोळा लावलेला एकच माणूस बाहेर पाहतो. बाकीच्यांना दिसते ते आपापले यंत्र. बाहीवरची चिन्हे म्हणजे या वाटणीचा कापडावर शिवलेला नकाशा आहे. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘यू-४८’ पाणबुडीने अटलांटिकमध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज बुडवले, तेव्हा त्यावर इंग्लंडमधून कॅनडाला सुरक्षिततेसाठी पाठवलेली ९० मुले होती. त्यांतली ७७ गेली. काशीचे नाव घेतलेल्या त्या जहाजावर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यातलेही शंभराच्या आसपास लोक मेले. आतल्या इंजिनवाल्याने त्या रात्री आपले दातेरी चाक नीट फिरवले, एवढेच त्याला ठाऊक. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले होते.

इथे गीता आठवते. दुसऱ्या अध्यायात कर्मांमधल्या कौशल्याला योग म्हटले आहे, आणि आपल्याकडे ते वचन कारखान्यापासून शाळेपर्यंत कुठेही भिंतीवर लिहिलेले आढळते. ते एकटे वाचले तर टॉर्पेडोचे लाल चिन्ह हे योगाचेच चिन्ह ठरेल. टिळकांनी गीतारहस्यात योग म्हणजे कर्म करण्याची विशेष युक्ती असा अर्थ या वचनाच्या आधाराने मांडला खरा, पण ती युक्ती त्यांनी समबुद्धीला बांधून ठेवली. सर्व भूतांच्या ठायी समत्व नसेल तर नुसती हातोटी ही त्यांच्या हिशेबी कर्मयोग नव्हे. मला टिळकांचे म्हणणे इथे निर्णायक वाटते. कौशल्य हे अर्धे वाक्य आहे. कोणासाठी, कोणावर, कोणाच्या हुकमाने हे शब्द आल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आणि बाहीवरचे चिन्ह नेमके हे अर्धे वाक्यच भरते. सप्टेंबर १९४२ मध्ये ‘यू-१५६’ ने ‘लकोनिया’ हे ब्रिटिश जहाज बुडवल्यावर त्याच पाणबुडीचा कप्तान बुडणाऱ्यांना वाचवू लागला, त्याच्या खलाशांनी शेकडो लोकांना डेकवर घेतले, होड्या दोराने बांधून ओढल्या. वर रेड क्रॉसचे निशाण पसरलेले असताना अमेरिकी विमानाने बाँब टाकले, आणि १७ सप्टेंबरला पाणबुड्यांचा सेनापती ड्योनिट्झ याने हुकूम काढला की यापुढे कोणालाही वाचवायचे नाही. बुडणाऱ्याला हात देणाऱ्यांच्या बाह्यांवर जी चिन्हे होती तीच पुढे न देणाऱ्यांच्याही बाह्यांवर होती. कापडाला हा फरक सांगता येत नाही.

दीड वर्षानंतर काय घडले ते न्यायालयाच्या नोंदीत आहे. १३ मार्च १९४४ च्या रात्री ‘यू-८५२’ ने ‘पेलेयस’ हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवले. पस्तीस-चाळीस माणसांपैकी काहीजण तराफ्यांवर आणि फळकुटांवर तरंगत होते. कप्तान हाइन्झ-विल्हेल्म एक याला भीती होती की सकाळी विमानांना अवशेष दिसले तर पाणबुडी सापडेल, म्हणून त्याने अवशेषच नाहीसे करायचे ठरवले; माणसे त्या अवशेषांवर होती. कित्येक तास मशिनगनी आणि हातबाँब चालले. महिन्याहून अधिक काळ समुद्रात काढल्यावर एका पोर्तुगीज जहाजाने तिघांना उचलले, आणि त्यांच्यामुळे जगाला कळले. ऑक्टोबर १९४५ मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर पाच आरोपी उभे होते, आणि या निबंधाला ते पाच पुरेसे आहेत. कप्तान. त्याचा दुय्यम अधिकारी. पाणबुडीवरचा डॉक्टर वाल्टर वाइसफेनिग. मुख्य इंजिनियर हान्स लेन्झ. आणि एक साधा खलाशी. डॉक्टरला शस्त्र चालवण्याचे कारणच नव्हते. नौदलातल्या डॉक्टरच्या बाहीवर सापाचा दंड असतो, जगभरच्या दवाखान्यांवर दिसणारा तोच. त्याने गोळीबारात भाग घेतला, आणि ३० नोव्हेंबर १९४५ रोजी कप्तान आणि दुय्यम अधिकाऱ्यासोबत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. लेन्झची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. हुकूम पसंत नाही असे त्याने कप्तानाला सांगितले होते. तरी नंतर त्याने त्या खलाशाच्या हातून बंदूक घेतली आणि स्वतः झाडली. त्याला जन्मठेप झाली, खलाशाला १५ वर्षे. कृत, कारित, अनुमोदित ही तिन्ही दारे त्या एका डेकवर उघडी होती, आणि लेन्झ तर नकार उच्चारून त्यांतल्या पहिल्या दारातून आत गेला. सर्पदंडाचा किंवा दातेरी चाकाचा तुकडा आपण कार्डावर लावतो तेव्हा या पाच जणांचे काय करायचे?

यावर ताबडतोब आक्षेप येईल की हा एक अपवाद आहे, तरंगणाऱ्यांना मारल्याबद्दल शिक्षा झालेला यू-बोटीचा, म्हणजे जर्मन पाणबुडीचा, कप्तान हा एकच, आणि एका डेकवरून सबंध नौदलाला तोलणे अन्याय्य आहे. आक्षेप वजनदार आहे. न्यूरेंबर्गला ड्योनिट्झला १० वर्षांची शिक्षा झाली, पण पाणबुडी-युद्धाचे नियम मोडल्याच्या आधारावर ती दिलेली नाही, कारण प्रशांत महासागरात आपणही इशारा न देता जहाजे बुडवत होतो असे अमेरिकेच्या ॲडमिरल निमित्झ यांनी लेखी सांगितले होते. म्हणून मी ‘पेलेयस’ला पुरावा म्हणून वापरतो आहे तो सर्वांच्या अपराधाचा नव्हे. कौशल्याचे चिन्ह अपराधापासून संरक्षण देत नाही, इतकाच तो पुरावा आहे. सबंध नौदलाच्या साखळीविषयी वेगळे कागद आहेत. ६ ऑगस्ट १९४२ रोजी छळछावण्यांचा कारभार पाहणाऱ्या एसएसच्या कचेरीतून एक हुकूम निघाला. कैद्यांचे कापलेले केस जमा करावेत, त्यांपासून नमदा आणि सूत बनवावे, आणि स्त्रियांच्या केसांच्या सुतापासून यू-बोटींवरच्या खलाशांसाठी मोजे करावेत, असे त्यात लिहिले आहे. बाहीवरच्या चिन्हाचा लाल दोरा केसांचा नाही. तसे कोणी समजू नये. पण ज्या खलाशाची बाही आपण ‘राजकारणाबाहेरची’ म्हणून वेगळी काढतो, त्याच्या पायांसाठी तो हुकूम सही होऊन निघाला होता. भिंगाखाली एकेक धागा तपासणाऱ्या छंदाला हा धागा माहीत नसावा, हे मला सहन होण्यासारखे वाटत नाही. लाटव्हियातल्या लीपाया बंदरात १९४१ च्या उन्हाळ्यात ज्यूंना खड्ड्याशी उभे करून मारले जात होते, आणि त्याचे हलते चित्र घेणारा माणूस जर्मन नौदलातला सार्जंट होता. नौदल त्या राजवटीच्या शेजारी राहत नव्हते. एकाच घरात राहत होते.

दुसरा आक्षेप करुणेचा आहे, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. यू-बोटींवर सुमारे ४०,००० माणसे गेली, त्यांतली तीस हजारांच्या आसपास परत आली नाहीत. चारांतली तीन. बहुतेक विशीतली पोरे, शेवटी शेवटी त्याहून लहान. कील शहराजवळ म्योल्टेनोर्ट इथे त्यांची नावे कांस्याच्या पट्ट्यांवर एकामागून एक कोरलेली आहेत, कारण पुरायला काही मिळाले नाही. एखाद्या आईने पेटीत जपून ठेवलेला मुलाच्या बाहीवरचा तुकडा कुणी आदराने सांभाळला तर त्याला अनुमोदन कसे म्हणायचे? मी म्हणत नाही. पण करुणेला पाणबुडीच्या आतच थांबवता येत नाही, आणि बाहेरची बाजू आपल्याला फार जवळची आहे. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय नाविकांची नावे तिथल्या नोंदवहीत आहेत, आणि तशीच वही चितगावला आहे. रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४००, आणि व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांच्या घरात. कोकणातले, गोव्यातले, सिल्हेटचे, गुजरातचे. सारंग, तांडेल, आगवाला, भंडारी, टोपास, ही त्यांची पदे. आगवाला बॉयलरशी, म्हणजे जहाजाच्या तळाशी असे, जिथे टॉर्पेडो लागतो. त्याच्या बाहीवर कौशल्याचे चिन्ह नव्हते, म्हणून त्याचे काहीही आज बाजारात जमवायला मिळत नाही. म्योल्टेनोर्टच्या नावांसाठी ज्याचे डोळे भरतात त्याने मस्जिद बंदरच्या वहीचे पान उलटावे, ही मागणी जादा नाही. समबुद्धी म्हणजे याहून वेगळे काय?

तिसऱ्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही, कारण तो आपल्याच माणसांच्या रक्ताशी येऊन भिडतो. सगळीच नौदले असे वागली, मग जर्मनांच्याच कापडावर हा भार का? २६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेच्या ‘वाहू’ या पाणबुडीने ‘बुयो मारू’ हे जपानी वाहतूक जहाज बुडवले आणि मग होड्यांतल्या माणसांवर गोळ्या चालवल्या. त्या जहाजावर जपान्यांनी कैद केलेले भारतीय सैनिक होते, १६ व्या पंजाब रेजिमेंटचे, आणि मेलेल्यांत १९५ भारतीय होते. कप्तानावर खटला झाला नाही. त्याचा गौरव झाला. हे खरे आहे आणि लिहून ठेवले पाहिजे. मात्र यातून जर्मन चिन्हाचा भार हलका होतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन थकलेल्या कर्जांची बेरीज शून्य धरणे. अमेरिकी पाणबुडीवाल्यांचे डॉल्फिनचे चिन्ह जपणाऱ्यालाही ‘बुयो मारू’ ठाऊक असली पाहिजे, हा खरा निष्कर्ष. जर्मन नौदलाची बाब वेगळी होते ती एका कारणाने: ज्या युद्धासाठी ते कौशल्य शिकवले गेले ते युद्ध वंशसंहारापासून वेगळे करता येत नाही. पोलंडवरच्या आक्रमणात वेस्टरप्लाटवर १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे तोफा डागणारे ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ हे त्याच नौदलाचे जहाज होते. त्या आक्रमणानंतर पोलंडच्या भूमीवर काय उभारले गेले, हे सांगायला नको.

मग विकत घेणे हे अनुमोदन आहे का? मनुस्मृतीच्या यादीतला विकत घेणारा दोषी आहे, कारण त्याच्या पैशावर उद्याचा पशू कापला जातो. क्रीग्समरीनचा तुकडा घेतल्याने उद्या कोणी मरत नाही. ती राजवट १९४५ मध्ये संपली. तेव्हा तो दोष जसाच्या तसा लागू होत नाही, हे मी मान्य करतो. बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटले, म्हणजे घेणाऱ्याच्या हेतूकडे पाहावे लागेल, आणि हेतू जाणून घेण्याचा, अभ्यासाचा, जपण्याचा असू शकतो. इथे मला उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातली परिग्रहाची व्याख्या उपयोगी पडते. त्यांनी परिग्रह म्हणजे मूर्च्छा असे सांगितले. वस्तू किती आहेत, कोणाच्या आहेत, यावर बोट ठेवले नाही. वस्तूपाशी शुद्ध हरपण्यावर ठेवले. मूर्च्छा हा शब्द मराठीत आपण घेरी येऊन पडण्यासाठी वापरतो, आणि तोच अर्थ इथे चपखल बसतो. संग्रहात तिची चाहूल ओळखता येते. टॉर्पेडोचे एक पट्टीवाले चिन्ह मिळाले, आता दोन पट्ट्यांचे हवे. निळ्या बनातीवरचे आहे, पांढऱ्यावरचे राहिले. शिरस्त्राण आहे पण दोऱ्याची छटा वेगळी. मालिका पुरी करण्याचा हा ध्यास माणसाला इतका व्यापतो की टॉर्पेडो ही एक छटा, एक टाका, एक रिकामी चौकट होऊन जाते. पाणबुडीच्या आत जसे प्रत्येकाला फक्त आपले यंत्र दिसत होते, तशी अल्बमच्या आत फक्त चिन्हे दिसतात. कामाची जी वाटणी तेव्हा नौदलाने केली, ती संग्राहक आता दुसऱ्यांदा करतो. अनुमोदन तोंडाने होकार दिल्यानेच होते असे नाही. जे तोडले गेले होते ते तुटलेलेच जपल्यानेही होते. या छंदातला दोष मला इथे दिसतो, वस्तूत नाही, किमतीत नाही, मालकीतही नाही.

म्हणून हे तुकडे जाळावेत या मताचा मी नाही. जाळणाऱ्याला शुद्ध झाल्यासारखे वाटते, आणि पुरावा तेवढा कमी होतो. संग्राहक म्हणतात की आम्ही नसतो तर हे सगळे कसरीने खाल्ले असते. खरे आहे. प्रश्न एवढाच की कसरीपासून नेमके काय वाचवले. ज्या शिस्तीने संग्राहक तुकडा उलटा करून मागचे दोरे पाहतो, ती शिस्त एक पायरी पुढे न्यायला काहीच अडचण नाही. कार्डावर आज लिहिले जाते ते असे: टॉर्पेडो, एक पट्टी, यंत्रभरत, वापरलेले, अमुक किंमत. त्याच कार्डावर हे कौशल्य कुठे शिकवले जाई, त्याने काय सोडले जाई, त्या नळीच्या समोर कोणती जहाजे आली, आणि त्यांवर कोण होते, हे लिहिता येते. यादी मिळते. बुडालेल्या जहाजांची नावे, तारखा, मेलेल्यांची संख्या कित्येक ठिकाणी नोंदलेली आहे. सर्पदंडाच्या कार्डावर ‘पेलेयस’ येईल, आणि ‘लकोनिया’च्या होड्याही येतील, कारण हिशेब पुरा करायचा तर हात देणाऱ्यांनाही वगळता येत नाही. असे कार्ड लिहिल्यावर एखाद्याला संग्रह नकोसा झाला तर झाला. एखाद्याला तो सोडवेनासा झाला तर तेही समजण्यासारखे आहे. पण आता तो शुद्धीवर राहून धरलेला असेल.

एक तुकडा मात्र या कार्डाला आव्हान देतो. बाजारात सर्वांत जास्त मान असतो कोऱ्या चिन्हाला. कोठारात गठ्ठ्यांनी पडलेली, कधीच न वाटलेली चिन्हे युद्धानंतर बाहेर आली आणि त्यांतली पुष्कळ आजही अगदी नवी दिसतात. टाक्याचे भोक नाही, घामाचा डाग नाही, बाही नाही. संग्राहक म्हणेल, याने तर कोणाचे काही केले नाही. मीही त्यावर कोणाचे नाव लिहिणार नाही. जे घडले नाही ते कल्पनेने भरणे हाही एक खोटा दोराच. पण तो तुकडा उलटा केला की मागे दिसते ते हे: यंत्राने तो भरला तेव्हा पुढच्या एखाद्या पोराचे शिक्षण धरून चाललेले होते, त्याची बाही धरून चाललेली होती, आणि समोर येणारे एक जहाजही धरून चाललेले होते. मे १९४५ मध्ये युद्ध थांबले. ते पोरगे त्या नळीपाशी पोचले नाही, आणि कुठल्या तरी जहाजाच्या तळाशी बॉयलरमध्ये कोळसा लोटणारा एक आगवाला, हे काहीच न कळता, पाळी संपवून वर डेकवर आला.